‘पोरगी काय सांगायली तेवढं सांगा’ : क्लासमधल्या समुपदेशकाने कोणाला किती सांगावं?

नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते. तुम्ही एम.ए. मानसशास्त्र करून लातूरच्या एका खासगी क्लासमध्ये समुपदेशक म्हणून लागलात. मुलींचं वसतिगृहही त्यांचंच. नीटची दुसऱ्यांदा तयारी करणारी, बीड जिल्ह्यातली १७ वर्षांची एक मुलगी तुमच्याकडे येते. आईवडील ऊसतोडीला गेलेत. ती स्वतःच्या हाताला इजा करून घेते, ‘इथंही नको न गावालाही नको’ म्हणते, एका मुलाचं नावही तिच्या बोलण्यात आलंय. ‘पप्पाला नका सांगू मॅडम, ते शिकणंच बंद करतेत,’ हे तिचं वाक्य तुम्ही जसंच्या तसं लिहिलंय. इकडे संचालक दर महिन्याला नावानिशी अहवाल मागतायत आणि वडिलांचा फोन येतो, ‘पोरगी काय सांगायली तेवढं सांगा.’ तुम्ही विचारताय, सांगू की नको?

पुस्तकातलं उत्तर एका ओळीचं आहे : गोपनीयता पाळा, जिवाला धोका असेल तर मोडा. ते बरोबर आहे, आणि तुमच्या फारसं उपयोगाचं नाही. तुमची अडचण त्याच्या बरीच आधी सुरू झालीय. ही मुलगी पहिल्यांदा तुमच्यासमोर बसली तेव्हा कोणाला काय कळणार, काय कळणार नाही, हे तिच्याशी ठरलं नव्हतं. संचालकांशी ठरलं नव्हतं. तिच्या आईवडिलांना तर वसतिगृहाच्या फीमध्ये समुपदेशक आहे एवढंच माहीत असावं. त्यामुळे आता प्रत्येक जण आपापल्या समजुतीनं मागतोय आणि तुम्ही एकट्या दारात उभ्या आहात. आणि हे सगळं बोलायला तुम्हाला तुमच्या वरचं, अनुभवी असं कोणीच नाही. माझ्या मते खरी गाठ इथे आहे. पण आधी जे थांबू शकत नाही ते घेऊ.

तिला थेट विचारलंय का? ‘मरून जावं असं वाटतं का?’ असं, याच शब्दांत? तुमच्या लिहिण्यात ते कुठे आलं नाही. विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात घातला जातो, ही भीती आपल्याकडे शिक्षकांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना असते. ती निराधार आहे. उलट बहुतेक मुलं हा प्रश्न ऐकल्यावर पहिल्यांदा मोकळा श्वास घेतात. स्वतःला इजा करून घेणारी प्रत्येक मुलगी मरायला निघालेली नसते. पुष्कळदा आतली घुसमट बाहेर काढायचा तो तिला सापडलेला एकमेव मार्ग असतो. पण अशा मुलांमध्ये पुढचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हेही खरं. म्हणून अंदाज बांधू नका, विचारा. विचार किती वेळा येतात, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, याआधी कधी प्रयत्न केलाय का, आज रात्री खोलीत सोबत कोण आहे.

उत्तरांवर पुढचं अवलंबून आहे. ठरवलंय आणि साधनही जवळ आहे, असं निघालं तर त्याच दिवशी तिला एकटं न सोडता मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं. लातुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथे रात्रीही जाता येतं. त्या दिवशी आईवडिलांना कळवायचं आणि तिची परवानगी मिळेपर्यंत थांबायचं नाही. ‘पोलीस केस होईल’ म्हणून वॉर्डन घाबरतील. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं आणि त्यासाठी तिच्यावर खटला चालत नाही. आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं सरसकट ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तसं राहिलेलंही नाही. रुग्णालय पोलिसांना कळवेल, जबाब होईल, पण मुलगी आरोपी नसते. हे वॉर्डनला आधीच, शांत दिवशी, समजावून ठेवा. रात्री अकराला कोणी कायदा ऐकत नाही.

विचार येतात पण काही ठरवलेलं नाही, असं असेल तर तिच्याबरोबर बसून सुरक्षा योजना लिहा. तिच्या शब्दांत, तिच्या अक्षरात. मन घसरायला लागलं की आधी काय होतं, तेव्हा ती स्वतः काय करू शकते, कोणत्या मैत्रिणीकडे जाऊन बसू शकते, मोठ्यांपैकी कोणाला फोन करेल, आणि कोणीच नसेल तर १४४१६. हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. कागद तिच्या दप्तरात राहू द्या. काही ठिकाणी मुलांकडून ‘मी जिवाचं काही बरंवाईट करणार नाही’ असं लिहून सही घेतात. त्यानं फक्त सही घेणाऱ्याला झोप लागते. आणखी एक, जे शहरातल्या प्रशिक्षणात अनेकदा सुटतं : ती सुट्टीत गावी जाईल तेव्हा घरात फवारणीचं औषध कुठे असतं, हे विचारा. ते कुलपात किंवा घराबाहेर जाईल याची जबाबदारी घरातल्या एका माणसानं घ्यायला हवी. आपल्या भागात या एका गोष्टीनं जीव वाचतात. वाईट क्षण बहुधा टळून जाणारा असतो, त्या क्षणी हाताशी काय होतं यावर सगळं ठरतं.

आता वडील. मूल अठराच्या आतलं आहे, म्हणजे पालकांचा हक्क आहेच. पण हक्क कशावर आहे ते वेगळं करून बघा. मुलगी सुरक्षित आहे का, तिला उपचाराची गरज आहे का, आपण घरून काय करावं, एवढं जाणून घेण्याचा हक्क त्यांना आहे. खोलीत झालेलं प्रत्येक वाक्य ऐकण्याचा नाही. मी पालकांना पहिल्याच भेटीत सांगते, ‘तुमच्या लेकराच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर तुम्हाला सगळ्यात आधी कळेल. बाकीचं ती स्वतः तुम्हाला सांगू शकेल, यासाठीच मी काम करणार आहे.’ हे ऐकून बहुतेक बाप गप्प होतात. काही चिडतात. चिडलेल्यांशी वाद न घालता मी विचारते, ‘तुम्हाला नेमकी कशाची काळजी वाटतेय?’ आणि मग कळतं की त्यांना गावातून कोणीतरी फोन करून काहीतरी सांगितलेलं असतं.

तुमच्या मुलीच्या बाबतीत ‘पालकांना बोलावून घ्या’ हा सल्ला देणं मला सोपं आहे, त्यांना येणं सोपं नाही. ते सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात कुठल्या तरी फडावर असतील. मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते, कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, एक जण निघाला की दोघांचं काम बसतं आणि खाडा, म्हणजे गैरहजेरीचे पैसे, कापला जातो. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून जिवाचा प्रश्न असेल तर बोलवाच, खाडा पडला तरी. तसा नसेल तर रात्री काम आटोपल्यावर फोनवर आईशी बोला. फोन बहुधा वडिलांकडेच असतो; ‘ताईंशी दोन मिनिटं बोलायचंय, जेवणखाणाचं विचारायचंय’ असं म्हटलं की देतात. आणि मुलीला विचारा की आईवडील येईपर्यंत जवळचं मोठं माणूस कोण. आजी, मामा, गावातल्या शाळेतल्या बाई. तिनं निवडलेलं माणूस असू द्या. मात्र आईवडिलांना टाळून नाही, त्यांना सांगून.

सांगताना तिला बाजूला ठेवू नका. ‘मी वडिलांना सांगणार आहे’ आणि ‘आपण वडिलांना काय सांगायचं ते आज ठरवू’ यात तुमचं आणि तिचं पुढचं सगळं नातं आहे. मी मुलांना पर्याय देते : तू सांग, मी शेजारी बसते; मी सांगते, तू शेजारी बस; किंवा मी एकटी सांगते आणि काय सांगितलं ते शब्दन् शब्द तुला येऊन सांगते. यातलं काहीही निवडलं तरी चालतं.

तिच्या भीतीला मात्र ‘पप्पा तुझ्या भल्यासाठीच आहेत’ असं म्हणून उडवू नका. ‘शिकणं बंद करतेत’ याचा बीड जिल्ह्यात पुष्कळदा अर्थ असतो, लग्न लावून देतेत. ऊसतोडीला जाताना वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईबापांचा प्रश्न खोटा नाही, आणि त्याचं त्यांना सापडलेलं उत्तर चुकीचं आहे. मुलाच्या प्रकरणाची कुणकुण लागली की हे उत्तर पंधरा दिवसांत अमलात येऊ शकतं. त्यामुळे एखादी माहिती दिल्यानं मुलीचं भलं होईल की नुकसान, हा हिशेब तुमच्या कामाचा भागच आहे. मुलाबद्दलचा भाग तिच्या सुरक्षिततेसाठी सांगणं गरजेचं नसेल तर तो तुमच्याकडेच राहू द्या. आणि लग्नाची बोलणी सुरू असल्याचं कळलं तर १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर फोन करा. ग्रामीण भागात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हेही लक्षात असू द्या.

मुलाच्या विषयाला दुसरी बाजू आहे, ती तुम्हाला आवडणार नाही. अठराच्या आतल्या मुलीशी शारीरिक संबंध आल्याचं तुम्हाला कळलं, मग ते दोघांच्या मर्जीनं असले तरी, पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. दोन अल्पवयीन मुलांच्या प्रेमात आणि अत्याचारात हा कायदा फरक करत नाही, आणि तो करायला हवा असं माझं स्वतःचं ठाम मत आहे. पण मत आहे म्हणून मी कायदा मोडत नाही. मी काय करते? ही मर्यादा मुलांना आधी सांगते. पहिल्या भेटीतच, सगळ्यांना, विषय निघायच्या आत : ‘जिवाला धोका असेल, कोणी तुझ्यावर अत्याचार करत असेल, किंवा अठराच्या आत शारीरिक संबंध आले असतील, तर ते मला माझ्याजवळ ठेवता येत नाही.’ मग काय बोलायचं ते मूल ठरवतं. काही समुपदेशक म्हणतात, अशानं मुलं गप्प बसतात. बसतात काही. पण बोलल्यावर दार बाहेरून बंद झालेलं बघण्यापेक्षा हे बरं. तुम्ही हे अजून सांगितलं नसेल तर पुढच्याच भेटीत सांगा. कुतूहल म्हणून खोदून विचारू नका आणि समोर दिसतंय त्यावर पांघरूणही घालू नका. कळवावंच लागलं तर पोलीस आणि बाल कल्याण समितीपुढे ती एकटी जाणार नाही, एवढं तुम्ही करू शकता.

संचालकांचा अहवाल हा मला यातला सर्वांत सोपा भाग वाटतो, जरी तुम्हाला तो सर्वांत भीतीदायक वाटत असला तरी. त्यांना आकडे द्या : महिन्यात किती मुलं आली, किती नवी, किती जणांना पुढे डॉक्टरांकडे पाठवलं, कोणत्या प्रकारचे ताण जास्त दिसले. नाव नाही. आणि आकडेही सांभाळून, कारण ‘रिपीटर बॅच, बीड जिल्हा, मुलगी, १’ असं लिहिलं की ते नावच झालं. जिथे आकडा दोन-तीनवर येतो तिथे मी गट मोठा करते.

पण नुसतं ‘नाही देणार’ म्हणून भागणार नाही. संचालक हे का मागतायत ते ऐका. क्लासमध्ये काही घडलं तर उद्या पेपरात आपलं नाव येईल, पालक दारात येतील, ही त्यांची भीती खरी आहे. त्यांना माहिती नको असते, ‘मला आधी कळलं असतं तर’ असं म्हणायची वेळ येऊ नये एवढंच हवं असतं. ते तुम्ही देऊ शकता, लेखी. एका पानाची कार्यपद्धती लिहा : धोका दिसला तर समुपदेशक त्याच दिवशी कोणाला कळवेल, वॉर्डनने काय करायचं, कोणत्या रुग्णालयात न्यायचं, पालकांना फोन कोण करणार. त्यातच हेही लिहा की वॉर्डनला ‘हिला आठवडाभर एकटीला खोलीत ठेवू नका’ एवढंच सांगितलं जाईल, कारण सांगितलं जाणार नाही. वर आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ जे तत्त्व सांगतं ते हेच : उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकावर गोपनीयतेचं कर्तव्य आहे, आणि जिवाचा धोका टाळण्यासाठी ती मोडायची झाली तर लागेल तेवढीच माहिती. एम.ए. झालेला समुपदेशक या कायद्याच्या ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ या व्याख्येत थेट बसत नाही, पण यापेक्षा कमी काटेकोर राहायचं कारण मला दिसत नाही.

हाती एक भक्कम आधार आलाय, तो वापरा. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात शैक्षणिक संस्था आणि कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूतून ते प्रकरण उभं राहिलं होतं. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, धोक्याच्या वेळी पुढे पाठवण्याची लेखी पद्धत हवी, हेल्पलाइनचे क्रमांक वसतिगृहात ठळक लावलेले हवेत. म्हणजे तुम्ही जी एक पानाची कार्यपद्धती पुढे करताय ती तुमची लहर नाही. संचालकांना असं सांगा की हा कागद त्यांचंही रक्षण करतो. कारण करतोच.

नोंदींचं थोडक्यात : वहीत नावाऐवजी क्रमांक, वही कुलपात, किल्ली तुमच्याकडे, यादी वेगळीकडे. वॉर्डन लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणत्याही मुलाबद्दल एक शब्दही नाही. आणि हे माहीत असू द्या की वकिलाला आहे तसं कायदेशीर संरक्षण समुपदेशकाच्या नोंदींना आपल्याकडे नाही, न्यायालयाने मागितल्या तर द्याव्या लागतात. म्हणून घडलेलं आणि केलेलं लिहा. तर्क, शेरे, ऐकीव गोष्टी नकोत.

आता त्या मूळ गाठीकडे येते. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही सहज एक ओळ टाकलीय : ‘मी पण केजकडचीच, माझेही आईवडील कोयता घेऊन जायचे.’ तुमच्या अख्ख्या प्रश्नात मी ही ओळ सर्वांत जास्त वेळा वाचली. तुम्ही त्या मुलीला जेवढं समजू शकता तेवढं पुण्यामुंबईचा कोणीही समजू शकणार नाही. पण तुम्हाला तिच्यात स्वतःची सुटका दिसत असेल तर तुमचे निर्णय तिच्यासाठी होतायत की तुमच्यासाठी, हे तुम्हाला एकटीला कळणं कठीण आहे. काही खुणा असतात. ठरलेली वेळ तिच्याच बाबतीत लांबत जाते. रात्रीचे फोन फक्त तिचे उचलले जातात. मेसचे पैसे आपण भरून टाकावेत असं वाटतं. कधी न भेटलेल्या बापाचा राग येतो. यातलं काही होत असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण ते कुठेतरी बोललं गेलं पाहिजे.

हे जिथे बोललं जातं त्याला सुपरव्हिजन म्हणतात. आपल्याकडे हा शब्द ऐकला की वरून तपासणी आठवते, आणि म्हणून संचालकच आपले सुपरव्हायझर असं तुम्ही लिहिलंय. ते तुमचे मालक आहेत. पगार देणारा आणि तुमच्या कामातली घालमेल ऐकणारा एकच माणूस असू नये. ज्याच्या हातात नोकरी आहे त्याच्यापुढे कोणी खरं अडलेलं मांडत नाही. जॅनीन बर्नार्ड यांनी १९७९ मध्ये सुपरव्हायझरच्या तीन भूमिका सांगितल्या, त्या मला अजून उपयोगी पडतात. कधी तो शिक्षक असतो : सुरक्षा योजना कशी लिहायची ते दाखवतो. कधी समुपदेशकासारखा : ‘ही मुलगी बोलत असताना तुझ्या आत काय होतं?’ असं विचारतो, पण तुमच्यावर उपचार करत बसत नाही. आणि कधी सल्लामसलतीतला बरोबरीचा सहकारी : दोघं मिळून पर्याय तपासतात. नवीन असताना पहिली भूमिका जास्त लागते. तुमच्या प्रश्नावरून मला वाटतं की तुम्हाला आत्ता दुसरी हवीय.

कुठे मिळेल? मराठवाड्यात अनुभवी सुपरव्हायझर शोधणं अवघड आहे, हे मान्य. तरी अगदी वाळवंट नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकृती सामाजिक कार्यकर्त्यांची पदं असतात. भरलेली आहेत का ते जाऊन बघावं लागतं. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत एचआयव्ही तपासणी केंद्रांचे आणि किशोरवयीन मुलांसाठीच्या मैत्री क्लिनिकचे समुपदेशक आहेत. यातल्या अनेकांनी वर्षानुवर्षं गोपनीयता हा विषय पोटाशी धरून काम केलंय, एका गावात राहून, बाजारात त्याच लोकांना भेटत. त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यांना कोणी विचारत नाही. चार-पाच जणांचा गट करा, महिन्यातून एकदा बसा, पुण्यामुंबईच्या एखाद्या अनुभवी माणसाला पैसे वाटून घेऊन ऑनलाइन जोडा. फुकट मागू नका. फुकटचं सुपरव्हिजन दोन महिन्यांत बंद पडतं.

परभणीच्या आमच्या गटात एक नियम आहे : नाव नाही, आडनाव नाही, गाव नाही. गाव सांगितलं की घर कळतं आणि आडनाव सांगितलं की जात कळते, आणि मग चर्चा भलतीकडेच वळते. प्रत्येकानं एकच पान लिहून आणायचं : ती काय म्हणाली, मी काय केलं, मी कुठे अडलो, मला काय वाटत होतं. शेवटचा रकाना सगळे आधी कोरा ठेवतात. शिवाय हे सुपरव्हिजन चालतं हे आलेल्या माणसाला सांगितलेलं असायला हवं. ‘माझ्या कामाबद्दल मी एका जाणकारांशी बोलते, तुझी ओळख न सांगता,’ एवढं वाक्य पुरतं. आजवर मला कोणी नाही म्हटलेलं नाही.

तुम्ही विचारलं नव्हतं, पण तुमच्या लिहिण्यात आलंय म्हणून सांगते. क्लासच्या फ्लेक्सवर तुमच्या नावापुढे ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ छापलंय. ते आजच उतरवायला सांगा. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि नुसत्या एम.ए. मानसशास्त्रावर ती मिळत नाही. ‘समुपदेशक’ लिहा. समुपदेशकांसह संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ चा केंद्रीय कायदा आहे. त्याखालच्या नोंदणीकडे लक्ष ठेवा. आपण मुलांना खरं बोला म्हणतो आणि दारावरच्या पाटीवर खोटं लिहिलेलं असतं, हे बरं दिसत नाही.

आणि एक काम राहतं, ज्याला इंग्रजी पुस्तकं ॲडव्होकसी म्हणतात आणि आपण बाजू घेणं म्हणू शकतो. दर रविवारच्या टेस्टनंतर गुणांप्रमाणे बॅच बदलते आणि यादी भिंतीवर लागते, सोमवारी तुमच्याकडे रांग लागते, असं तुम्ही लिहिलंय. रांगेतल्या एकेका मुलाला श्वासाचे व्यायाम शिकवत बसलात तर तुम्ही त्या यादीच्याच नोकरीत आहात. वर सांगितलेल्या सुकदेब साहा निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की संस्थांनी, विशेषतः कोचिंग क्लासेसनी, गुणांवरून बॅच वेगळ्या करणं आणि चारचौघांत अपमान करणं शक्य तितकं टाळावं. ‘लातूर पॅटर्न’च्या शहरात हे ऐकून लोक हसतील. तरी संचालकांपुढे मांडा, आणि त्यासाठी या मुलीची गोष्ट वापरू नका, कितीही परिणामकारक असली तरी. तुमचे महिन्याचे आकडे वापरा : टेस्टनंतरच्या दिवशी किती मुलं येतात आणि एरवी किती. यादी बंद होणार नसेल तर भिंतीवरून उतरवून ज्याच्या त्याच्या मोबाइलवर पाठवा, इथून सुरुवात होऊ शकते. या मुलीच्या पातळीवरही बाजू घेता येते. फीचा हप्ता पुढे ढकलणं, किंवा ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी असलेल्या संत भगवानबाबा वसतिगृह योजनेची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करणं. तिच्या ‘गावालाही नको’ या वाक्यामागे दिवाळीपासून रिकामं पडलेलं घरही असेल.

नोकरी सोडू का, असंही तुम्ही विचारलंय. ते मी कशी सांगू? घर तुमच्या पगारावर चालतं का, दुसरीकडे जागा आहे का, आणि तुम्ही गेलात तर त्या खुर्चीवर कोण बसेल, यावर ते आहे. मी असते तर आधी तो एक पानाचा कागद दिला असता आणि त्यावर सही मागितली असती. सही मिळाली नाही तर त्याच मजकुराचं पत्र देऊन पोच घेतली असती. तरीही नावानिशी यादीचा हट्ट राहिला, तर खोटा अहवाल लिहिण्यापेक्षा मी निघाले असते, आणि निघण्याआधी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला पुढे कोणाकडे जायचं ते सांगून, जमेल तिथे स्वतः पोचवून.

वडिलांचा पुढचा फोन येण्याआधी मुलीशी बसून काय सांगायचं ते ठरवून घ्या. आणि ते ‘मरून जावं असं वाटतं का’ आज विचारा, उद्यावर टाकू नका. लातुरात गट जमवायचा असेल तर इथेच लिहा, नांदेड आणि परभणीकडचे दोघं-तिघं असा गट शोधतच आहेत.